घाटात दम खाणारी पिकअप आणि उदयनाचार्यांचा युक्तिवाद

डिझेल गाड्यांच्या गॅरेजमध्ये ठप्प झालेली गाडी कुणाला जड जात नाही. जी चालूच होत नाही, तिचे दुखणे तासा-दोन तासांत हाती लागते. जड जाते ती ‘कधी कधी’वाली. पंधरा-वीस वर्षे जुनी पिकअप असते. ओढते, पळते, धूरही वावगा नाही. पण अधूनमधून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन पुढे जाण्याऐवजी मागे सरते, दोन-तीन झटके देते आणि मग काही घडलेच नाही अशी चालू लागते. मालक वैतागून गाडी आणतो, मेकॅनिक फेरी मारून येतो, फेरीत काहीच होत नाही. “अहो, काल तीनदा झटके मारले तिने!” मालक म्हणतो. “आता मारत नाही ना? मारायला लागली की आणा,” असे म्हणून मेकॅनिक पुढच्या गाडीकडे वळतो. दोघेही खरे बोलत असतात.

जे कधी असते आणि कधी नसते, त्याला कारण असतेच का? की काही गोष्टी आपल्या आपण, उगाचच घडतात? हा प्रश्न गॅरेजपेक्षा फार जुना आहे आणि भारतीय दर्शनांत तो थेट ईश्वराच्या प्रश्नाला जाऊन भिडला.

दहाव्या शतकात मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. त्यांच्या ‘लक्षणावली’ या ग्रंथात शके ९०६, म्हणजे इसवी सन ९८४, असा काळ नोंदलेला आहे. ‘न्यायकुसुमांजली’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठी लिहिला गेला. पण ईश्वरापर्यंत पोचण्याआधी त्यांना एका वेगळ्याच प्रतिपक्षाला उत्तर द्यावे लागले. कार्याला कारण लागतेच असे नाही, गोष्टी अकस्मात घडतात, असे म्हणणारा हा पक्ष होता. त्यावर उदयनांनी मांडलेला युक्तिवाद आजही धारदार वाटतो. ज्याला कशाचीच गरज नाही ते एक तर सदासर्वदा असेल, नाही तर कधीच नसेल. मधली अवस्था त्याला शक्य नाही. एखादी गोष्ट आज आहे आणि काल नव्हती, तर ती कशाची तरी वाट पाहत होती. तिचे अधूनमधून असणे, शास्त्राच्या भाषेत तिचे कादाचित्कत्व, हाच तिला कारण असल्याचा पुरावा.

याच धर्तीचा विचार उदयनांच्या आधी सुमारे तीनशे वर्षे बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्त्तिका’त मांडला होता. धर्मकीर्तींना ईश्वर मान्य नव्हता आणि उदयनांनी तर बौद्धांच्या खंडनासाठी एक अख्खा ग्रंथ लिहिला. इतक्या कडव्या प्रतिपक्षांचे या एका मुद्द्यावर एकमत व्हावे, यावरूनच त्याचे वजन लक्षात येते.

गॅरेजच्या हिशेबात या युक्तिवादाचा परिणाम उलटापालटा करणारा आहे. ‘कधी कधी होते, म्हणून सापडत नाही’ अशी सर्वसाधारण समजूत असते. उदयनांच्या मते कधी कधी होते, म्हणूनच ते सापडू शकते. जो बिघाड सदैव असतो तो गाडीतल्या कुठल्याही भागाकडे बोट दाखवू शकतो. जो येतो आणि जातो, तो येताना-जाताना दुसऱ्या कशाच्या तरी पावलावर पाऊल टाकून चालतो. ते दुसरे काय, एवढे शोधायचे.

जुन्या डिझेल इंजिनात शोधायच्या जागा तशा मोजक्याच. तिथे ठिणगी नाही. हवा दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या अठराव्या-विसाव्या हिश्श्यात कोंबली की ती इतकी तापते, की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डीझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग येथे चालले, तेव्हापासून हे मूळ तत्त्व बदललेले नाही. त्यामुळे जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला मुख्यतः दोनच गोष्टी लागतात, पुरेशी हवा आणि वेळेवर पुरेसे डिझेल. नोझल उघडायला वातावरणाच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. द्रव सहसा दबत नाही, म्हणून पंपाने ढकललेले डिझेल तो दाब जसाच्या तसा नोझलपर्यंत नेते. हवा मात्र दबते. पंपात बुडबुडा शिरला तर पंपाची सारी ढकल त्या बुडबुड्याला दाबण्यात खर्ची पडते, नोझल उघडतच नाही आणि तो सिलिंडर एक घास उपाशी राहतो. बुडबुडा निघून गेला की सारे पूर्ववत. मेकॅनिक याला ‘गाडी एअर घेते’ म्हणतात.

पण एअर हे एकच कारण नव्हे, आणि प्रत्येक कारणाची स्वतःची वेळ असते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल तर गाडी तासभर चालल्यावर दम खाऊ लागते, कारण टाकीत पोकळी साचायला वेळ लागतो. झाकण उघडले की फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा ताजीतवानी. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तार सैल असेल तर झटका खड्ड्यात बसतो, चढावर नाही. टाकीतल्या जाळीवर कचरा असेल तर जोरात ओढ लागली की तो जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद केले की खाली बसतो, म्हणून पाच मिनिटे थांबवलेली गाडी सुधारते. डिझेलात पाणी असेल तर तक्रार बहुधा टाकी भरल्यानंतर लगेच सुरू होते. ऐकणाऱ्याला हे चारही झटके सारखेच, पण त्यांचे वेळापत्रक निरनिराळे आहे.

समजा, नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीच्या बाजारात जाणारी एक पिकअप आहे. रात्री आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याणमार्गे वाशी गाठायची आणि रिकामे क्रेट घेऊन त्याच वाटेने परतायचे. जाताना गाडी मालाने लादलेली, तरी एक झटका नाही. येताना गाडी हलकी, तरी माळशेज चढताना दम खाते. तेही दर खेपेला नाही, तीन खेपांतून एकदा. लादलेली गाडी सुरळीत जाते आणि रिकामी अडते, हे कोणालाही कोड्यात टाकेल. पंप थकला असता, नोझल खराब असती, तर ओझ्याखाली आधी कळायला हवे होते.

इथे न्यायशास्त्रातली, म्हणजे उदयनांच्याच परंपरेतली, एक गोष्ट उपयोगी पडते. मेकॅनिकला हा बिघाड दिसत नाही. त्याच्यासाठी प्रत्यक्ष प्रमाण उपलब्धच नाही. त्याच्याकडे आहे ते चालकाचे बोलणे. नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, पण अट घातली की बोलणारा आप्त हवा, म्हणजे जाणणारा आणि जाणले तसेच सांगणारा. चालक जाणतो खरा, पण सांगताना बहुतेक वेळा आपले अनुमानच सांगून मोकळा होतो. “पंप गेलाय बघा.” हे त्याने पाहिलेले नाही. त्याने पाहिले ते असे, की घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर, तिसऱ्या गिअरमध्ये, काटा अर्ध्याच्या खाली असताना, गाडीने दोनदा ओढ सोडली. चांगला मेकॅनिक हे काढून घेण्यात वेळ घालवतो. टाकीत किती डिझेल होते? गाडी थंड होती की तापलेली? थांबवल्यावर फरक पडला का? ही चौकशी म्हणजे टाळाटाळ आहे असे पुष्कळ मालकांना वाटते, आणि मेकॅनिकलाही लगेच पाना हातात घेतला की काम केल्यासारखे वाटते. पण न दिसणाऱ्या बिघाडात निम्मे निदान या चौकशीतच होते.

चालकाला विचारले की तो म्हणतो, “घाटात होतं.” घाट आणि झटका यांची जोडी त्याच्या मनात पक्की बसलेली असते. पण जाताना ओतूरकडचे लहानसहान चढ गाडी बिनतक्रार चढते आणि येतानाही माळशेज तीनपैकी दोनदा मुकाट चढते. म्हणजे जोडी पूर्ण नाही. या ठिकाणी नैयायिकांचा ‘उपाधी’चा विचार नेमका लागू पडतो. त्यांचे नेहमीचे उदाहरण धुराचे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. मग अग्नी असताना धूर केव्हा येतो? इंधन ओले असेल तेव्हा. जिथे जिथे धूर आहे तिथे ओले इंधन आहेच, पण जिथे जिथे अग्नी आहे तिथे ते असतेच असे नाही. ही मधली न दिसलेली अट म्हणजे उपाधी, आणि घाट-झटक्याच्या जोडीतली ग्यानबाची मेख तीच.

या पिकअपच्या बाबतीत ओले इंधन म्हणजे अर्ध्याहून रिकामी टाकी. चालक निघताना नारायणगावला टाकी भरतो. परतीच्या वाटेवर माळशेजच्या पायथ्याशी येईतो ती निम्म्याच्या खाली गेलेली असते. ज्या खेपांना त्याने कल्याणला पुन्हा डिझेल घेतले, त्या खेपांना घाट सुरळीत. हे त्याला आठवते, पण विचारल्यावरच, कारण डिझेल भरण्याचा आणि झटक्याचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलेलेच नसते. आणि एकदा काटा तळाला असताना आळेफाट्याजवळ सपाटीवरही गाडीने झटका दिला होता. घाट नव्हता, तरी झटका होता.

टाकीत वरून एक नळी उतरते आणि तिच्या तळाच्या टोकातून डिझेल ओढले जाते. जुन्या गाडीत ही नळी गंजते. तिला मध्यावर टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, की भरलेल्या टाकीत ते डिझेलखाली बुडालेले राहते. त्यातून डिझेलच ओढले जाते आणि कुणाचे काही बिघडत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथून हवा आत येते. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या अंगाला सरकते, नळी पुढे असेल तर भोक आणखी लवकर उघडे पडते. आणि नेमके तेव्हाच इंजिन जास्त डिझेल मागत असते, म्हणून ओढही जास्त. थेंब मात्र कुठेच गळत नाही, कारण या नळीत आतली बाजू ओढणारी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसावे अशी सोयच नाही.

हे ध्यानात न घेता काय होते, ते कुठल्याही डिझेल गॅरेजमध्ये पाहायला मिळेल. आधी फिल्टर बदलला जातो. फिल्टर बदलताना हातपंप मारून लाइनमधली एअर काढावीच लागते आणि गाडी गॅरेजमधून सुटल्यावर मालक बहुधा टाकी भरतो. आठवडा चांगला जातो. सगळे श्रेय फिल्टरला. मग पुन्हा झटका आला की फीड पंप, मग नोझल, मग मुख्य पंप काढून डिझेल लॅबमध्ये कॅलिब्रेशनला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही एकामागून एक. दर वेळी काही दिवस बरे जातात, कारण दर वेळी एअर काढली जाते आणि टाकी भरली जाते. कुंभारासाठी माती वाहून आणणारे गाढव मडक्याच्या आधी तिथे हजर असते, पण म्हणून ते मडक्याचे कारण ठरत नाही, असे नैयायिक सांगतात. कार्याच्या आधी असणे पुरेसे नाही. त्याच्यावाचून अडायला हवे. नवा फिल्टर इथे ते गाढव आहे.

नेमके निदान करायचे तर काम थोडे आणि स्वस्त असते. टाकीकडून येणारी रबरी नळी काढून तिथे हातभर पारदर्शक नळी लावायची आणि इंजिनाला ओढ देऊन पाहायचे. भरलेल्या टाकीवर नळीतून पिवळट डिझेल संथ वाहते, इतके स्वच्छ की वाहते की थांबले आहे हेही पटकन कळत नाही. टाकी रिकामी करत न्यायची. एका पातळीला नळीत पहिला बुडबुडा सरकतो, पाठोपाठ मण्यांसारखी रांग लागते आणि दोन-चार सेकंदांनी इंजिन अडखळते. मग टाकीत डिझेल ओतायचे, रांग थांबते. पुन्हा काढायचे, रांग येते. शेवटी पंपाची नळी टाकीऐवजी थेट डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायची. कॅन तळाला जाईपर्यंत बुडबुडा नाही. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे एक असताना दुसरे असणे आणि नसताना नसणे, दोन्ही एका पारदर्शक नळीत दिसतात. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात साम्याच्या आणि भेदाच्या रीती मांडल्या, त्याही याच.

यातली महत्त्वाची पायरी कोणती? बिघाड घालवणे नव्हे. तो घालवणे योगायोगानेही जमते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की कावळ्याचे नाव होते. महत्त्वाचे आहे ते बिघाड हुकमी परत आणणे. ज्याला तो बोलावता येतो, त्याने त्याचे कारण ओळखले आहे. गेलेला बिघाड पुन्हा कशाला आणायचा, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे, पण ज्ञान आणि नशीब यांच्यातला फरक तिथेच उघड होतो.

याचे एक मोठे, नोंदलेले उदाहरण विमानाचे आहे. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीपाशी पोचत असताना त्याच्या दोन्ही इंजिनांनी शक्तीची मागणी पुरी केली नाही. आधी एक, काही सेकंदांत दुसरे. विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतावर उतरले. सुदैवाने सर्वजण वाचले. तपास करणाऱ्यांसमोर मोठी अडचण होती, इंजिनांत कुठलाही दोष नव्हता. इंधन ठरलेल्या दर्जाचे होते, टाक्यांत ते पुरेसे होते. खरे कारण स्वतः मागे उरलेच नव्हते, ते वितळून गेले होते. इंधनात नेहमीच असणाऱ्या अल्पशा पाण्याचा लांबच्या, गारठलेल्या प्रवासात नळ्यांच्या आत बर्फ साचला आणि उतरताना इंधनाची ओढ वाढताच तो एकदम सुटून इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी अडकला. हे कुणी पाहिले नव्हते. तपासकांनी प्रयोगशाळेत थंड इंधनात पाणी सोडून तो अडथळा पुन्हा घडवून आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेल्टा कंपनीच्या अशाच जातीच्या विमानाचे एक इंजिन हवेत असतानाच मंदावले आणि वैमानिकाने शक्ती कमी केल्यावर सावरले. २०१० च्या अंतिम अहवालात तरीही बर्फाबद्दल ‘बहुधा’ असाच सूर आहे. त्या यंत्राची नळ्या पुढे आलेली बाजू बदलून सपाट करण्यात आली. ‘बहुधा’ म्हणून थांबले नाहीत आणि ‘बहुधा’ लपवलेही नाही, ही त्या कामाची खरी मोठेपणाची बाजू.

आता ईश्वराचा प्रश्न. उदयनांना कादाचित्कत्वावरून जायचे होते ते अदृष्टाकडे, म्हणजे पाप-पुण्याच्या न दिसणाऱ्या संचिताकडे, आणि अदृष्टाचा नियंता म्हणून ईश्वराकडे. आपल्याकडचे अनेक चालक हीच वाट तर्काशिवाय चालतात. गाडी अमावस्येला अडते, अमुक वळणावर अडते, म्हणून लिंबू-मिरची, म्हणून नारळ. या श्रद्धेची टिंगल करण्याचे काही कारण नाही. रात्रीचा घाट उतरणाऱ्या माणसाला कुणाचा तरी आधार वाटणे हे अगदी आतले, खरे आहे. पण न्यायशास्त्राने इथे एक भेद करून ठेवला आहे, जो श्रद्धावंतांनीच आवर्जून समजून घ्यावा. ईश्वर, अदृष्ट, काल, दिशा ही नैयायिकांच्या मते साधारण कारणे आहेत, म्हणजे घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला समान. झटका बसतो त्यात ईश्वर आहे, तसाच झटका बसत नाही त्यातही आहे. मग हीच गाडी, याच खेपेला, याच चढावर का अडली, याचे उत्तर त्या कारणातून निघूच शकत नाही. त्यासाठी असाधारण कारण लागते, आणि ते टाकीतल्या नळीला पडलेले भोक आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, त्यात दैव पाचवे आहे. आधीचे चार मोजल्यावर त्याची पाळी येते. खंडेनवमीला पान्यांना हळद-कुंकू वाहणारा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी त्याच पान्याने टाकी खाली उतरवतो, यात विसंगती मुळीच नाही. विसंगती असेल तर ईश्वराला एका गंजलेल्या नळीच्या जागी उभे करण्यात आहे. सर्वव्यापी म्हणून ज्याला मानले, त्याला इतक्या लहान जागी कोंडणे भक्तीलाही शोभत नाही.

राहिला संशय. नळी बदलली, आता झटका येणार नाही कशावरून? चार्वाकांनी अनुमानावर हाच आक्षेप घेतला होता, की पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी बोलायचा अधिकार कुणी दिला. उदयनांचे उत्तर असे, की संशयाला आपल्याच आचरणाशी विरोध येईल तिथे थांबावे लागते. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षांनी हे उत्तर देणारी उदयनांची कारिकाच, म्हणजे श्लोकच, उलटवून त्यांच्यावर फिरवला. विरोध आहे म्हणता, तर विरोध यायला आधी संशय हवाच की. चौदाव्या शतकात गंगेशांनी ‘तत्त्वचिंतामणी’त त्यावर पुन्हा उत्तर दिले, की धुरासाठी विस्तव पेटवणाऱ्याने आणि भूक भागवण्यासाठी जेवणाऱ्याने कार्यकारणावर संशय असल्याचा दावा करू नये, त्याची कृतीच त्याला खोटे ठरवते.

गॅरेजमध्ये या संशयाचा हिशेब मांडता येतो. झटका तीन खेपांतून एकदा येत असेल आणि कुठल्या खेपेला येईल ते ठरलेले नाही असे धरले, तर काहीही दुरुस्त न करता सलग तीन खेपा निर्वेध जाण्याची शक्यता सत्तावीसात आठ, म्हणजे शंभरात तीसच्या आसपास आहे. तीन खेपा बऱ्या गेल्या म्हणून बिल चुकते करणारे मालक आणि ‘झालं काम’ म्हणणारे मेकॅनिक या तीस टक्क्यांत अनेकदा सापडतात. सलग दहा खेपा निर्वेध गेल्या तर योगायोगाची शक्यता शंभरात दोनच्याही खाली येते. पण उपाधी हाती लागल्यावर दहा खेपांची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. भरल्या टाकीने केलेल्या दहा खेपा काहीच सांगत नाहीत, कारण भरल्या टाकीवर जुनी नळीही बिनतक्रार चालत होती. म्हणून नवी नळी बसवल्यावर पहिल्याच परतीच्या खेपेला कल्याणला डिझेल घ्यायचे नाही. एखादा भरलेला कॅन मागे ठेवायचा, काटा पाव टाकीवर येऊ द्यायचा आणि तसाच माळशेज चढायचा.